ढोकीची येडी गाडी

बब्रुवान मिस्त्रीला प्रश्न पडला नाही असा एक दिवस ढोकी गावानं बघितलेला नाही. डॉक्टर रक्तदाब बघायला लागला की हा विचारणार, पट्टा डाव्याच दंडाला कामून? लग्नात अक्षता पडल्या की सगळं वऱ्हाड पंगतीकडं पळतं, हा मात्र बँडवाल्यापाशी उभा राहून क्लॅरिनेटच्या कुठल्या भोकातून कुठला सूर निघतो ते विचारत बसणार. पिठाच्या गिरणीवाल्यानं तर त्याला स्पष्टच सांगितलंय, दळण ठेवा आणि भाईर थांबा. त्याची बायको विठाबाई म्हणते, "लोकांच्या पोटात जंत होत्यात, आमच्या ह्येंच्या पोटात प्रश्न होत्यात. औषध तरी कुठलं द्यावं?"

पण याच खोडीवर त्याचं गॅरेज चालतं, हेही तितकंच खरं. साखर कारखान्याच्या रस्त्याला पत्र्याचं शेड आहे, समोर चिंचेचं झाड, मागं त्याचं घर. उसाची ट्रॅक्टरं, ट्रॉल्या, थकलेल्या ट्रका सगळ्या तिथंच येतात. दुसरा मिस्त्री तुटलेला पार्ट बदलून मोकळा होतो. हा आधी विचारणार, तुटला कसा? कुठल्या रस्त्यानं आलाव? मागं ओझं किती होतं? गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, "मिस्त्री, गाडी नीट करा, चौकशी आयोग बसवू नका."

तर अशा माणसापुढं रणधीरनं ती गाडी आणून टाकली.

रणधीर म्हणजे महारुद्रअण्णांचा थोरला. जमीन भरपूर, हौस त्याहून भरपूर. लातूर-बार्शी रस्त्याला त्यानं नवं हॉटेल काढायला घेतलं होतं आणि हॉटेलपुढं शोभेला त्याला एक जुनी ट्रक उभी करायची होती. ती त्याच्याच मळ्यात लिंबाखाली वर्षानुवर्षं पडून होती. पुढं लांब नाक असलेली जुनी अवजड गाडी. चेसीमधून बाभळ उगवून वर गेलेली, केबिनमध्ये कोंबड्यांनी अंडी घातलेली, डावी बाजू निम्मी मातीत रुतलेली. जेसीबीनं ओढून काढली तेव्हा खालून एक घोरपड निघून पळाली.

"मिस्त्री, रंग मारायचा, काचा बसवायच्या, दिवे लावायचे. बस्स. इंजिनाच्या नादी लागू नका, उभीच ऱ्हाणाराय. लोक येतील, फोटो काढतील. नाव बी ठरलंय, हॉटेल येडी गाडी!"

"इंजिन चालत नसंल तर त्येला गाडी म्हणत न्हाईत, मयत म्हणत्यात," बब्रुवान म्हणाला. "मी करणार तर सगळी करणार. न्हायतर तुमच्या रंगाऱ्याला बोलवा."

रणधीर हसला आणि हो म्हणाला.

आता ही गाडी येडी कशी, ते ढोकीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. रणधीर शाळेत होता त्या काळातली गोष्ट. महारुद्रअण्णांची ही गाडी सीझनला कारखान्यावर ऊस टाकायची. एका सीझनला ती काही ऐकेना. ब्रेक दाबला की झटका द्यायची. कर्नाटकातून शरणबसप्पा नावाचा एक मिस्त्री तेव्हा हंगामाला ढोकीत आला होता. कानडी माणूस, मराठी मोडकंतोडकं. तो गाडीखाली गेला, बाहेर आला, हात झटकत म्हणाला, "येडं. येडं हाय." एवढंच. जमलेली माणसं पोट धरून हसली. अण्णांना तर चेवच आला, जो भेटेल त्याला सांगायचे, "आमची गाडी तपासली बरं का. मिस्त्री म्हणतोय, येडी हाय!" तसं बघितलं तर गाडी म्हटल्यावर 'येडी' म्हणायला पाहिजे, 'येडं' नाही. पण शरणबसप्पा बाईलाही 'तो' म्हणायचा आणि बैलालाही 'ती', त्यामुळं कुणाला शंका आली नाही. तो पुन्हापुन्हा तेच म्हणत राहिला, लोक पुन्हापुन्हा हसत राहिले, शेवटी चिडून तो हत्यारं गोळा करून निघून गेला. अण्णा म्हणाले, सीझन सरल्यावर बघू.

सीझन सरायच्या आत गाडी पलटी झाली.

तेरणा नदीच्या पुलाच्या अलीकडं उतार आहे. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, गाडीत उसाची वाढीव भर. ड्रायव्हर आबाराव. गाडी सरळ जाता जाता डावीकडं घुसली आणि खड्ड्यात आडवी झाली. आबारावच्या गळ्याचं हाड मोडलं. आणि केबिनमध्ये त्याचा लहानगा लेक बसला होता प्रेमानंद, शाळेला सुट्टी म्हणून हट्ट करून आलेला, त्याच्या पायाचा चुरा झाला. पोरगं वाचलं, पण पाय आखूड राहिला तो राहिलाच.

गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, ड्रायव्हर झोपला. सीझनात ड्रायव्हर झोपतातच. कुणी म्हणालं, गाडी येडी की ड्रायव्हर येडा? तिथून त्याचं नाव पडलं येडा आबा. त्यानं परत स्टेअरिंगला हात लावला नाही. कारखान्याच्या गोदामात पोती उचलली, दुसऱ्याच्या रानात पाणी दिलं, आता साठी ओलांडून घरी बसलाय.

गाडी गॅरेजला आली आणि आबाराव यायला लागला. आत नाही. रस्त्याच्या पलीकडं, बंद टपरीच्या फळीवर येऊन बसायचा आणि बघत राहायचा. बब्रुवानला ते कसं सहन व्हावं? तो चहाचे दोन कप घेऊन रस्ता ओलांडून गेला.

"आबा, लांब कामून बसलाव? तुमचीच गाडी हाय. या की."

आबारावनं चहा घेतला. मग म्हणाला, "मिस्त्री, एक इचारू का? तुमाला लोखंडाचं सगळं कळतंय म्हणत्यात. गाडीकडं बघून कळतंय का, चालवणारा जागा हुता का झोपला हुता ते?"

बब्रुवान चाटच पडला. जन्मभर तो लोकांना प्रश्न विचारत आला, पण असा प्रश्न त्यालाही कधी सुचला नव्हता.

"तुमाला काय वाटतंय?"

"मला आठवतच न्हाय बघा. पुलाचा कठडा दिसला त्ये आठवतंय. मग एकदम उसाखाली. मधलं काईच न्हाय. डोळा लागल्याबिगर मधलं जाईल कुठं?" त्यानं कप फळीवर ठेवला. "पर कधी कधी वाटतंय, हाताला वढ बसली हुती. हात सांगतोय एक, डोकं सांगतंय एक. कुणाचं ऐकावं?"

झालं! आता बब्रुवानला रंग सुचेना की काचा सुचेनात. इंजिन जाम झालं होतं, त्यात रॉकेल आणि डिझेल ओतून ते भिजत ठेवलं आणि हा बसला गाडीचा पुढचा भाग खोलायला. गाडी डावीकडं गेली कशी? स्टेअरिंग तुटलं, की ब्रेकनं दगा दिला? की खरंच कुणी डुलकी घेतली? जेवताना तो भाकरीचा तुकडा हातात धरून स्टेअरिंगसारखा फिरवायचा. विठाबाईनं भाजी त्याच्या ताटातून उचलून परत वाढली, तरी त्याला पत्ता नाही.

हे गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? एका सकाळी आबारावची बायको बनाबाई गॅरेजात येऊन उभी राहिली.

"जय भीम, काकू. बसा की."

"बसायला न्हाय आले, भाऊ." तिची नजर सरळ होती. "तुमी गाडी नीट करा, रंगवा, नाचवा, माझं काई म्हणणं न्हाय. पर ह्येंच्या त्या प्रश्नाच्या पाठी लागू नका. हात जोडते."

"काकू, खरं काय ते कळलं तर त्येंनाच बरं वाटंल."

"अन् न्हाय वाटलं तर?" ती ताडकन म्हणाली. "आत्ता निम्मं ह्येंना वाटतंय की गाडीनंच वढलं. त्या निम्म्यावर माणूस जगायलाय. उद्या तुमी म्हणलाव गाडी ठणठणीत हुती, तर काय उरलं? प्रेमा धाराशिवला नोकरीला हाय, म्हैन्यातून एकदा येतोय. त्यो घरात आला की ह्ये भाईर. लेकाचं पाऊल वाजलं की उठून जात्यात. त्येच्या पायाकडं बघवत न्हाय ह्येंना. ह्याच्यापुढं आणखी काय व्हायचं ऱ्हायलंय ते तुमी करू नका."

बब्रुवानला लाज वाटली. आपल्याला फक्त कोडं दिसत होतं, बाईला घर दिसत होतं. "न्हाय सांगणार काकू, शब्द देतो," तो म्हणाला.

विठाबाई शेडच्या दारात डबा घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं. बनाबाई गेल्यावर ती म्हणाली, "शब्द दिलाव. आता ठिवा त्यो पाना खाली."

"मी 'सांगणार न्हाय' म्हणलो. 'बघणार न्हाय' कुठं म्हणलो?"

"आता गं बया! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

बब्रुवाननं मनाशी ठरवलं होतं की वाईट निघालं तर गिळून टाकायचं. पोटात एक गोष्ट ठेवायची, आयुष्यात पहिल्यांदा. आणि वाईटच निघत चाललं होतं. स्टेअरिंगचा डबा खोलला, आतले दाते झिजलेले पण शाबूत. चाकांना वळवणारे दांडे बघितले, सरळसोट. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक उघडले, दोन्ही सारखे. सगळा जन्म पार्ट चांगला निघाला की तो खूश व्हायचा, आता एकेक चांगला पार्ट बघून त्याच्या जिवाला घोर लागला. फळीवर बसलेला आबाराव तोंडानं काही विचारायचा नाही, नुसता बघायचा. बब्रुवान लांबूनच ओरडायचा, "अजून चाललंय, आबा!" आणि मान खाली घालायचा.

मधे जाम झालेलं इंजिन सुटून चालू झालं. काळा धूर चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला, आणि भसाड्या आवाजानं अख्खा रस्ता गोळा झाला. रणधीरनं पेढे वाटले. आबाराव मात्र तो आवाज ऐकताच उठून घराकडं निघून गेला. पेढा हातात धरून बब्रुवान त्याच्या पाठीकडं बघत राहिला आणि त्याला तो पेढा काही गोड लागला नाही.

आता राहिली होती नाकाची जाळी. तशी जाळी असलेली एक भंगार गाडी मुरुमला आहे असं कळलं, म्हणून बब्रुवान एसटीनं मुरुमला गेला. जाळी मिळाली. ती बगलेत मारून तो बाजारातल्या एका टपरीवर चहा घ्यायला थांबला. टपरी ज्ञानेश्वरी नावाच्या बाईची. समोर आडत दुकानापुढं एक लांबलचक ट्रक मागं घेत होते. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना पोत्यांच्या थप्प्या, आणि क्लीनर मागं उभा राहून घसा फोडून ओरडत होता, "येडक्क! येडक्क! येड, येड, येड… साकु!"

बब्रुवानला नवल वाटलं. "मावशी, ह्यो क्लीनर आपल्याच ड्रायव्हरला येडा म्हणायलाय की! अन् त्यो बी ऐकून घ्यायलाय?"

ज्ञानेश्वरी हसून हसून बेजार झाली. "कुठलं गाव म्हणायचं तुमचं? ढोकी? तरीच! अवं पावनं, येडा न्हाय, येड. कानडीत येड म्हंजी डावं, बल म्हंजी उजवं. डावीकडं घे म्हणायलाय त्यो, अन् साकु म्हंजी बास. आमच्याकडं निम्मी गिऱ्हाईकं कानडी, आमाला बी आता चहा देताना येड-बल कळतंय."

बब्रुवानच्या हातातला कप तसाच राहिला.

येडं हाय. डावं आहे! शरणबसप्पानं गाडीला वेडं म्हटलंच नव्हतं. बिचारा बोट दाखवून सांगत होता की दोष डावीकडं आहे, आणि समोरची माणसं खिदळत होती. बब्रुवानला आधी हसू आलं, मग अंगावर काटा आला. "मावशी, तुमी देवमाणूस हाव," म्हणत तो उठला आणि एसटी स्टँडकडं पळतच सुटला. उमरग्याला गाडी बदलताना त्याच्या लक्षात आलं की जाळी टपरीवरच राहिली. जाऊ दे खड्ड्यात, तो म्हणाला.

ढोकीत उतरून तो घरी गेला नाही. थेट फळीपाशी.

"आबा, आठवा जरा. शरणबसप्पा गाडीखाली शिरला हुता, त्यो कुठल्या बाजूनं?"

आबारावनं डोळे मिटले. "उसाच्या मोळीवर बसून मी तंबाखू मळत हुतो… त्येचे पाय भाईर दिसत हुते. डाव्या चाकापाशी. व्हय, डाव्याच. कामून?"

"सांगतो," म्हणून बब्रुवान शेडमध्ये पळाला.

डाव्या चाकावरच्या पाट्यांची थप्पी त्यानं खोलून बघितलीच नव्हती! ती मातीत रुतलेली होती, गंजून सगळं एकजीव झालेलं. वरून धुऊन, घासून, रंगाचा हात मारून तो मोकळा झाला होता. चौकस माणूस म्हणे! स्वतःलाच शिव्या घालत त्यानं गॅसकटर पेटवला आणि डाव्या पाट्यांना धरून ठेवणारे बोल्ट कापले.

अशा गाडीचा सगळा भार लोखंडी पाट्यांच्या थप्पीवर असतो, आणि थप्पीच्या बरोबर मधोमध एक बोल्ट असतो. चाकांचा आडवा दांडा जागच्या जागी धरून ठेवणारा तोच. थप्पी बाजूला झाली आणि त्या बोल्टाचे दोन तुकडे बब्रुवानच्या पायापाशी पडले. पण बोल्ट काय, गाडी आपटल्यावरही तुटू शकतो. त्यानं कापड घेतलं, रॉकेलनं थप्पीखालची दांड्यावरची बैठक पुसली, पुन्हा पुसली. मग बॅटरी धरली आणि खाली वाकला. तिथं खाच पडली होती. पुढं-मागं घासून घासून पडलेली, अख्खं बोट मावेल एवढी लांब. एका आपटण्यानं अशी खाच पडत नाही. तिला कित्येक आठवडे घासावं लागतं.

"अगं विठा!" तो असा ओरडला की विठाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. "बनाकाकूला घिऊन ये! पळ! चांगलं हाय म्हणावं, आधीच सांग, चांगलं हाय!"

आबारावला त्यानं हाताला धरून रस्ता ओलांडून आणलं. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा आबाराव त्या गाडीपाशी इतक्या जवळ आला. बब्रुवाननं त्याचं बोट धरून त्या खाचेत ठेवलं.

"आबा, बोल्ट आधीच तुटला हुता. सरळ रस्त्याला कळायचं न्हाय. पर उताराला ओझं घिऊन ब्रेक दाबला, की डावं चाक मागं सरकणार, गाडी झपकन डावीकडं घुसणार. स्टेअरिंग ब्रह्मदेवानं धरलं तरी ऐकायची न्हाय. त्यो कानडी मिस्त्री येडं म्हणलाच न्हाय. येड म्हणला, येड! त्येंच्यात येड म्हंजी डावं!"

आबारावनं बोट खाचेतून पुढं नेलं, मागं आणलं. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं.

"डावं," तो म्हणाला.

"व्हय. डावं."

आणि मग तो भडकला. एवढा शांत माणूस, पण गरजायलाच लागला. "डावं म्हणला त्यो! अन् आमी हसलो! म्या बी हसलो की रं, सगळ्यात मोठ्यानं म्या हसलो! एकानं इचारलं न्हाय त्येला, कानडीत काय म्हणतोस म्हणून. एकानं!" त्यानं बोनेटवर हाताची मूठ आपटली. बब्रुवाननं सकाळी निघताना मारलेला रंग अजून ओला होता, तो मुठीला लागला. मग तो तिथंच खाली मातीत बसला आणि हमसून हमसून रडला. बब्रुवानलाही रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

तेवढ्यात बनाबाई पोचली. वाटेत विठाबाईनं तिला सगळं सांगितलं होतं. ती आली, नवऱ्याच्या शेजारी मातीत बसली आणि पदरातून मोबाईल काढला. तिनं लेकाचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि मोबाईल आबारावच्या तोंडापुढं धरला.

"बोला," ती म्हणाली. "तुमीच बोला."

"हॅलो, आई?" पलीकडून प्रेमानंदचा आवाज.

आबाराव मोबाईलकडं वाकला. "मी हाय."

"आबा? काय झालं? आई बरी हाय ना?"

"बरी हाय. त्या… त्या गाडीचा बोल्ट तुटला हुता, प्रेमा. डावीकडचा. आत्ता कळलं. मला डोळा लागला नव्हता रं. मी झोपलो नव्हतो."

"मला म्हाईत हाय की, आबा."

"काय म्हाईत हाय?"

"तुमी जागं हुताव ते. मी बाजूलाच बसलो हुतो ना. तुमी दोन्ही हातांनी उजवीकडं वढायलाव, अन् गाडी ऐकंना. तुमी वरडलाव, 'प्रेमा, दांडी धर!' मी दांडी धरली म्हणून तर वाचलो."

बब्रुवाननं लोखंडाला विचारलं होतं, मुरुमच्या चहावालीला विचारलं होतं, अख्ख्या ढोकीला विचारलं होतं. गाडीत आबारावच्या शेजारी बसलेल्या पोराला विचारायचं मात्र त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. विठाबाईनं त्याच्याकडं बघितलं, पण आज तिलाही त्याला चिडवावंसं वाटलं नाही.

"मग… मग कधी बोलला कामून न्हाईस?" आबारावनं विचारलं.

"तुमी कधी बसलाव का माझ्याजवळ?" प्रेमानंद म्हणाला. "मी आलो की तुमी उठून जाताव. मला वाटायचं, मी त्या दिवशी गाडीत बसायचा हट्ट केला, म्हणून तुमाला माझा राग येतोय."

आबारावनं डोळ्यांवरून हात फिरवला, तसा मुठीचा ओला रंग कपाळभर झाला. बनाबाईनं पदरानं तो पुसायला घेतला, त्यानं तिला पुसू दिला.

"आबा? हाव का?"

"हाय."

"मी आज येऊ का? सुट्टी टाकतो. येऊ?"

"ये," आबाराव म्हणाला. "मी घरातच हाय."